ऑपरेशननंतर अँटिबायोटिकचा कोर्स नको म्हणाले डॉक्टर. एका इंजेक्शनात भागतं का?

अवंतिका_इंदूर

नमस्कार मंडळी. बाबांचं (वय ६८) हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, इथेच इंदूरला, पुढच्या आठवड्यात. जांघेतला हर्निया आहे, जाळी बसवणार आहेत. बाबांना डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत. काल सर्जनना भेटलो तेव्हा ते म्हणाले, ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन देऊ, घरी जाताना फक्त दुखण्याची गोळी. मी पुन्हा विचारलं, नंतरचा कोर्स? तर म्हणाले, गरज नाही.

घरी आल्यापासून सगळे मागे लागलेत. आत्याचं म्हणणं असं की देवासच्या काकांना अपेंडिक्सच्या वेळी सात दिवस सलाइनमधून इंजेक्शनं दिली होती, वर गोळ्या, आणि आपल्या दादाला काहीच नाही? शेजारच्या काकू म्हणाल्या, मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या ६२५ च्या गोळ्यांची पट्टी आणून ठेव, असू दे घरात. आई तर घाबरूनच गेलीय, कारण शुगर असलेल्या माणसाची जखम कशी चिघळते हे तिने माहेरी पाहिलंय.

डॉक्टर चांगले आहेत, नीट वेळ देऊन बोलले. पण एकच इंजेक्शन का पुरतं हे मला समजलं तर घरच्यांना सांगता येईल. कोणी जाणकार आहे का इथे?

सराफ्याजवळचा

ताई, काळजी नको. माझ्या वडिलांचं हेच ऑपरेशन झालंय, जाळीवालं. लगेच पोहे-जिलबी मागायला लागले होते! त्यांना मात्र पाच दिवसांचा कोर्स होता. का होता ते आम्ही विचारलं नाही.

निमाडकर

पाच दिवसांचा कोर्स सगळेच देतात. न देणारे डॉक्टर मी पहिल्यांदाच ऐकतोय. दुसरीकडे दाखवून घ्या.

भूलतज्ज्ञ_बडोदे

निमाडकर, थांबा. मी बडोद्याला भूलतज्ज्ञ आहे. हे इंजेक्शन बहुतेक वेळा आमच्याच हातून जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

अवंतिका, तुमचे सर्जन अगदी बरोबर सांगताहेत. हे अँटिबायोटिक झालेल्या इन्फेक्शनवर नसतं. जंतू जखमेत शिरतात ते चिरा दिल्यापासून टाके घालेपर्यंतच्या वेळात, आणि त्यातले बरेचसे पेशंटच्या स्वतःच्या कातडीवरचे असतात. कितीही स्पिरिट, बीटाडिन लावलं तरी केसांच्या मुळाशी थोडे उरतातच. तेव्हा चिरा पडतो त्या क्षणी औषध रक्तात आणि मांसात पुरेसं पोचलेलं असलं पाहिजे. म्हणून ते चिऱ्याच्या आधीच्या तासाभरात शिरेतून देतात.

हे कळलं कसं, तेही सांगते. १९६१ साली जॉन बर्क यांनी गिनी पिगच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून वेगवेगळ्या वेळी अँटिबायोटिक देऊन पाहिलं. आधी किंवा बरोबर दिलं तर गाठ जवळजवळ उठतच नव्हती. तीन तास उलटल्यावर दिलं तर न दिल्यासारखंच. पुढे १९९२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या २,८४७ पेशंटची पाहणी प्रसिद्ध झाली. चिऱ्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये जखमेचं इन्फेक्शन ०.६ टक्के होतं. चिऱ्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांमध्ये ३.३ टक्के. आणि फार लवकर, म्हणजे दोन तासांच्याही आधी मिळालेल्यांमध्ये ३.८ टक्के! लवकर देऊनही उपयोग नाही, कारण चिरा पडेपर्यंत औषध उतरलेलं असतं.

टाके घातल्यावर आतल्या बारीक शिरा बंद झालेल्या असतात, रक्ताची गुठळी धरलेली असते, तिथे नंतर गिळलेल्या गोळीचं औषध नीट पोचतही नाही. म्हणून ऑपरेशन झाल्यावर सुरू केलेला कोर्स म्हणजे वरातीमागून घोडं.

निमाडकर

मॅडम, समजावून सांगितलंत त्याबद्दल आभार. पण मग आधी एक आणि नंतर पाच दिवस, असं दोन्ही दिलं तर बिघडतं काय? जास्तीचं संरक्षण.

रामबागचा_केमिस्ट

बिघडतं. माझं मेडिकल आहे, रोज बघतो. कोर्स घेणाऱ्यांपैकी किती जण जुलाबाची तक्रार घेऊन परत येतात ते आम्हाला विचारा. म्हातारी माणसं आधीच कमी जेवतात, त्यात जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं, चक्कर येते. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले चांगले जंतू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाचा जंतू माजतो, त्याचे जुलाब जिवावर बेततात.

आणि दुसरं, घरातली ६२५ ची पट्टी. त्या काकूंना माझा नमस्कार सांगा आणि पट्टी आणू नका. जखम लाल दिसली म्हणून दोन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या, असं करणारे लोक आठवड्याने सर्जनकडे जातात तेव्हा खरं इन्फेक्शन झाकलं गेलेलं असतं, आणि पू तपासायला पाठवला तर जंतू उगवत नाही. मग कोणतं औषध चालेल हे कळायचं कसं?

सेफिक्झिमसारख्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. चिठ्ठीशिवाय मागायला येणाऱ्यांना मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक तुटतं, पण मी नाहीच देणार.

सराफ्याजवळचा

वा दादा! असे केमिस्ट हवेत गल्लोगल्ली.

सुनंदा_सिस्टर_ग्वाल्हेर

नोकरीची सगळी वर्षं ग्वाल्हेरला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, आता निवृत्त आहे. अवंतिका, तुझ्या आईला ओटीत काय होतं ते सांग म्हणजे तिची भीती जाईल.

पेशंट टेबलावर आला की हाताच्या मागच्या शिरेत सुई बसवलेली असते. इंजेक्शनची बाटली छोटी, आत पांढरी पूड. त्यात पाणी घालून तळहातांमध्ये फिरवायची, फेस खाली बसून पाणी नितळ झालं की सिरिंजमध्ये ओढायचं आणि हळूहळू, तीन ते पाच मिनिटं लावून द्यायचं. दिलं की लगेच फळ्यावर वेळ लिहायची: ९.१०. मग सर्जन हात धुऊन येतात, कापडं पसरतात, आणि सुरी हातात घेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं. पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कोणतं, कोणत्या बाजूचं, आणि साठ मिनिटांच्या आत अँटिबायोटिक गेलंय का? मी फळ्याकडे बघून मोठ्याने सांगायचे, "नऊ दहाला गेलंय." त्याशिवाय चिरा नाही.

हे प्रश्न ज्या यादीतले, ती जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली. एकोणीस प्रश्न आहेत तिच्यात. जगातल्या आठ शहरांत आधी वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. यादी येण्याआधी काय व्हायचं? वॉर्डातून पेशंट निघताना इंजेक्शन द्यायचं, आणि ओटीत आधीची केस लांबली की बिचारा बाहेर ट्रॉलीवर दोन-अडीच तास. इंजेक्शन दिल्याची नोंद कागदावर असायची, पण अंगात औषध उरलेलं नसायचं. म्हणून मी नव्या मुलींना सांगत असे, वॉर्डात देऊ नका, पेशंटबरोबर बाटली ओटीत पाठवा.

माळव्यातला_सर्जन

माझं वेगळं मत मांडतो. तालुक्याच्या गावी छोटं नर्सिंग होम आहे माझं. इथले पेशंट टाके घेऊन बसने, मोटारसायकलवर, धुळीतून घरी जातात. घरी गोठा शेजारीच. गाइडलाइन लिहिणाऱ्यांच्या ओटीत हवा गाळून येते, माझ्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते. मी तीन दिवस अँटिबायोटिक देतो आणि झोप शांत लागते. एखाद्याची जाळी पिकली तर ती काढायला दुसरं ऑपरेशन, आणि गावात बोलतात ते वेगळंच. बडोद्यात बसून हे सांगणं सोपं आहे.

निमाडकर

हेच म्हणतोय मी!

भूलतज्ज्ञ_बडोदे

डॉक्टरसाहेब, तुमची अडचण खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पिकलेली जाळी मीही पाहिलीय. पण दोन गोष्टींचा विचार करा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हाच प्रश्न घेतला: ऑपरेशन संपल्यावर अँटिबायोटिक चालू ठेवून इन्फेक्शन कमी होतं का? साठाहून जास्त चाचण्या तपासल्या. फायदा दिसला नाही, म्हणून संपल्यावर चालू ठेवू नका अशी स्पष्ट शिफारस केली, आणि ती गरीब-श्रीमंत सगळ्या देशांसाठी आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही सांगितलं की स्वच्छ, म्हणजे आधीपासून इन्फेक्शन नसलेल्या ऑपरेशनमध्ये चिरा बंद केल्यावर पुढचा डोस नको, पाणी निघायला जखमेत नळी ठेवलेली असली तरी नको.

दुसरं, भिंतीची ओल आणि धूळ यांवर गोळी हा इलाज नाही. हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह नीट चालतंय का, हात किती वेळ धुतले, कातडी पुसल्यावर औषध वाळू दिलं का, पेशंट टेबलावर गारठला तर नाही ना, यांवर इन्फेक्शन ठरतं. तीन दिवसांची गोळी दिली की मनाला समाधान मिळतं, आणि या गोष्टींकडे लक्ष कमी जातं. मला भीती त्याची वाटते.

माळव्यातला_सर्जन

ऑटोक्लेव्हचं मान्य. माझ्याकडे दर पाळीला तपासणीची पट्टी लावून बघतात. पेशंट गारठण्याचा मुद्दा मी इतक्या गांभीर्याने घेत नव्हतो, हिवाळ्यात ओटी थंडगार असते. पण डायबिटीसवाल्यांत मी तरी तीन दिवस सोडणार नाही.

भूलतज्ज्ञ_बडोदे

डायबिटीसमध्ये खरी मदत शुगर ताब्यात ठेवण्याने होते. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर शुगर २०० च्या खाली. गोळ्या वाढवून चढलेल्या शुगरची भरपाई होत नाही.

हर्नियाबद्दल एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. जाळीच्या ऑपरेशनला हा एक डोस तरी हवाच का, यावरही सर्जन मंडळींमध्ये दोन मतं आहेत. जिथे इन्फेक्शन मुळातच कमी, तिथे त्याचा फायदा फारसा दिसत नाही. पण अवंतिकाच्या बाबांना डायबिटीस आहे, वय आहे, जाळी आहे. त्यांना एक डोस देणं मला पूर्ण पटतं.

कमलाबाई_कॉलनी

माझा वेगळाच प्रश्न. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, लोकमान्य नगरजवळच दाखवते. डोळ्यालाही असं इंजेक्शन असतं का? भीती वाटते हो.

भूलतज्ज्ञ_बडोदे

काकू, डोळ्याचं थोडं निराळं असतं. शिरेतून नाही, ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आतच अगदी थोडं औषध सोडतात. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, २००७ साली, आत सेफ्युरोक्झिम सोडल्याने डोळा आतून पिकण्याचं प्रमाण साधारण पाचपटीने कमी झालं. भारतात मोक्सिफ्लोक्सासिनही वापरतात. त्याआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे थेंब घालून काही मिनिटं थांबतात. तेही फार महत्त्वाचं असतं. चुरचुरलं तर "पाण्याने धुवा" असं म्हणू नका.

कमलाबाई_कॉलनी

बरं झालं सांगितलंत, मी म्हणालेच असते. आता सूनबाईला वाचून दाखवते.

ऋचा_वडोदरा

माझ्या सिझेरियनच्या वेळी इंजेक्शन आधी दिलं आणि सासूबाईंनी विचारलं, बाळाला नाही का जाणार ते? तेव्हा सिस्टर घाईत होत्या, उत्तर राहूनच गेलं.

भूलतज्ज्ञ_बडोदे

जातं थोडं. पूर्वी त्यासाठीच नाळ कापल्यावर देत. पण चिऱ्याआधी दिल्याने आईचं इन्फेक्शन आणखी कमी होतं आणि बाळांना त्रास वाढलेला दिसला नाही, म्हणून आता आधीच देतात. सिझेरियनमध्ये तर या इंजेक्शनाचा फायदा फार मोठा आहे, जखमेचं आणि गर्भाशयाचं इन्फेक्शन निम्म्याहून खाली येतं. ज्या बायकांना कळा सुरू झाल्यात किंवा पाणी गेलंय त्यांना सोबत अॅझिथ्रोमायसिन दिलं तर अजून उपयोग होतो, हे २०१६ च्या एका अमेरिकी चाचणीत दिसलं: १२ टक्क्यांवरून ६.१ टक्के.

देवपूजेची_फुलं

मला लहानपणी पेनिसिलिनची रिअॅक्शन आली होती असं आई सांगायची. आता पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन करायचंय. मला हे इंजेक्शन चालेल?

भूलतज्ज्ञ_बडोदे

भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा पहिलं वाक्य हेच सांगा, आणि नेमकं काय झालं होतं ते आईला विचारून ठेवा. अंगावर पुरळ, उलटी, की श्वास अडकला, तोंड सुजलं? पेनिसिलिनची अॅलर्जी आहे असं समजून चाललेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना तपासल्यावर ती निघत नाही. ऑपरेशनआधी जास्त वापरतात ते सेफाझोलिन, त्याची रचना पेनिसिलिनपेक्षा बरीच वेगळी असल्याने बहुतेकांना चालतं. पण हा निर्णय तुम्हाला समोर बसवून घ्यायचा आहे, इथे लिहून नाही. दुर्बिणीतून साधं पित्ताशय काढताना कमी धोक्याच्या पेशंटला अँटिबायोटिक लागतच नाही असंही असतं.

सराफ्याजवळचा

आणि बायपास, गुडघा वगैरे? मामाचा गुडघा बदलायचाय.

सुनंदा_सिस्टर_ग्वाल्हेर

गुडघ्याला मांडीवर पट्टा फुगवून रक्त थांबवतात. पट्टा फुगवायच्या आधी इंजेक्शन गेलेलं हवं, नाहीतर औषध गुडघ्यापर्यंत पोचणारच नाही. ऑपरेशन लांबलं, चार तासांवर गेलं, किंवा दीड लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर सेफाझोलिनचा दुसरा डोस टेबलावरच देतात. आणि वजनावरही असतं, मोठ्या माणसाला दोन ग्रॅम, १२० किलो किंवा वर असेल तर तीन.

अवंतिका_इंदूर

सगळ्यांचे किती आभार मानू! सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. एक राहिलंय. आत्या अजून काकांच्या सात दिवसांवरच अडून आहे. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी उगाच दिलं का?

भूलतज्ज्ञ_बडोदे

काकांचं अपेंडिक्स फुटलं होतं का?

अवंतिका_इंदूर

आत्ताच काकूला फोन केला. हो, फुटलं होतं. पोटात पू झाला होता, नळी पण घातली होती.

माळव्यातला_सर्जन

मग ते उगाच नव्हतं, उपचार होते. पोटात पू म्हणजे इन्फेक्शन आधीच झालेलं, ते मारायला दिवसांचा कोर्स लागतो. न फुटलेलं अपेंडिक्स काढलं की एका डोसवर थांबता येतं, हे मी स्वतः करतो. आत्याबाईंना सांगा, भावाच्या जांघेत जंतू नाहीत, ते आत जाऊ नयेत म्हणून इंजेक्शन आहे. काकांच्या पोटात ते होते.

निमाडकर

हा फरक मला कोणी आजवर सांगितला नव्हता. दुसरीकडे दाखवा म्हणालो होतो, ते मागे घेतो ताई. सर्जन सोडू नका.

रामबागचा_केमिस्ट

अवंतिकाताई, बाबा तंबाखू-बिडी घेत नाहीत ना? बिडीने जखम भरायला फार वेळ लागतो. महिनाभर आधी सोडलेली सगळ्यात बरी, पण आज सोडली तरी चालेल.

अवंतिका_इंदूर

नाही, सुपारीसुद्धा नाही. शुगर मात्र कालची उपाशीपोटी १७० होती. आणि घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

माळव्यातला_सर्जन

१७० आहे तर आजच सर्जनना फोन करून सांगा, ऑपरेशनच्या दिवशीपर्यंत थांबू नका. गोळ्या बदलायच्या असतील तर आता वेळ आहे.

घरी आल्यावर थोडं दुखणं, थोडी सूज, निळसर डाग हे चालतं. दुखणं रोज कमी व्हायला हवं. उलट वाढत चाललं, टाक्यांभोवतीची लाली पसरली, हात लावल्यावर गरम लागलं, घाण वासाचं पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दाखवायचं, गोळी घेऊन वाट बघायची नाही. जाळीच्या बाबतीत तीन महिन्यांपर्यंत लक्ष ठेवा, उशिराही पिकते.

सुनंदा_सिस्टर_ग्वाल्हेर

आणि ड्रेसिंग सारखं उघडून बघू नका. बघणारे दहा हात असतात घरात.

अवंतिका_इंदूर

सर्जनना फोन झाला, उद्या सकाळी बोलावलंय शुगरसाठी. अजून एक, आईने आदल्या दिवशी न्हाव्याला घरी बोलावलंय, जांघेतले केस काढायला. हॉस्पिटलात बाबांना संकोच वाटेल म्हणून. चालेल ना?

सुनंदा_सिस्टर_ग्वाल्हेर

अजिबात नाही! वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. इंजेक्शनाचा अर्धा फायदा तिथेच जाईल. केस मध्ये येत नसतील तर काढतच नाहीत, येत असतील तर ओटीच्या बाहेरच मशीनने बारीक करतात, ब्लेड लावत नाहीत. संकोच वाटत असेल तर पुरुष वॉर्डबॉय मागा, मिळतो. आदल्या रात्री साबण लावून नीट अंघोळ, जांघा, बेंबी स्वच्छ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. न्हावी येणारच असेल तर दाढी करून जाऊ दे.